नोंद नेमकी कोणत्या वहीत गेली? फोन आणि संगणकावरील कॅलेंडरचा मेळ बसत नसेल तर

जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या कार्यालयात पूर्वी एक जाड डायरी असे. कोर्टातून परतल्यावर कारकून प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख तिच्यात उतरवी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब तीच डायरी काखोटीला मारून बाहेर पडत. काही वर्षांपूर्वी डायरीची जागा संगणकावरील कॅलेंडरने घेतली. आता तारखा कार्यालयातील संगणकावर त्यांची ज्युनियर नोंदवते आणि साहेब त्या फोनवर पाहतात. निदान पाहता याव्यात अशी अपेक्षा असते. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांच्या फोनवर अख्खा दिवस मोकळा दिसत होता, तर संगणकावर त्याच दिवशी एक उलटतपासणी, एक अंतिम युक्तिवाद आणि जामिनाचा एक अर्ज अशा तीन नोंदी होत्या. फोन बिघडला आहे, असे साहेबांचे ठाम मत होते. ज्युनियरचा संशय संगणकावर होता. आणि इंटरनेट पुरवणाऱ्या माणसाला दोनदा बोलावून झाले होते. प्रत्यक्षात या तिघांपैकी कोणाचाही दोष नव्हता. नोंदी लिहिल्या जात होत्या, पण भलत्याच वहीत.

अशा तक्रारींचे मूळ बहुधा मनातल्या एका चुकीच्या चित्रात असते. फोन आणि संगणक एकमेकांशी बोलतात, असे आपण गृहीत धरतो. एके काळी ते खरेही होते. १९९६ साली बाजारात आलेल्या पाम पायलट या तळहातावर मावणाऱ्या यंत्रासोबत एक बैठक मिळत असे. ती वायरीने संगणकाला जोडलेली असे आणि यंत्र तिच्यात ठेवून हॉटसिंकचे बटण दाबले की दोघांकडच्या नोंदी ताडून सारख्या केल्या जात. आज अशी थेट गाठ जवळजवळ उरलेली नाही. आजची मूळ वही तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल यांसारख्या सेवेच्या सर्व्हरवर, आपल्या खात्याच्या नावाने ठेवलेली असते. फोनकडे त्या वहीची एक प्रत असते आणि संगणकाकडे दुसरी. फोन आपली प्रत मूळ वहीशी ताडून घेतो, संगणकही स्वतंत्रपणे तेच करतो आणि दोघांना एकमेकांच्या अस्तित्वाचा पत्ताही नसतो. म्हणून ‘फोन आणि संगणक यांचे सिंक बिघडले’ हे वाक्य बोलायला सोपे असले तरी तपासायला निरुपयोगी आहे. बिघडलेला असतो तो फोन आणि सर्व्हर यांच्यातील दुवा, किंवा संगणक आणि सर्व्हर यांच्यातील दुवा; आणि कधी कधी असा दुवा मुळात जोडलेलाच नसतो.

एवढे पटले की तपासाची पहिली पायरी आपोआप ठरते. कोणतीही सेटिंग बदलण्याआधी, काहीही पुसण्याआधी, ब्राउझर उघडून थेट मूळ वही पाहावी. गूगलचे खाते असेल तर कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम, ॲपलचे असेल तर आयक्लाउड डॉट कॉम आणि मायक्रोसॉफ्टचे असेल तर आउटलुक डॉट कॉम. हरवलेली नोंद तिथे दिसत असेल आणि फोनवर नसेल, तर संगणकाने आपले काम केले आहे आणि शोध फक्त फोनपुरता उरतो. नोंद संगणकाच्या पडद्यावर आहे पण ब्राउझरमध्ये नाही, अशी स्थिती असेल तर फोनला हात लावण्याचे काहीच कारण नाही, कारण जे मूळ वहीतच नाही ते फोन दाखवणार कुठून? वकीलसाहेबांच्या बाबतीत हेच दिसले, आणि नवा फोन घेण्याचा बेत तिथल्या तिथे रद्द झाला.

या पहिल्या परीक्षेला एक छोटी जोड द्यावी. ब्राउझरमध्ये उद्याच्या तारखेला ‘चाचणी’ नावाची नोंद करावी आणि ती फोनवर व संगणकावर उतरते का, ते पाहावे. मग ‘फोनवरून’ नावाची एक नोंद फोनवर आणि ‘संगणकावरून’ नावाची दुसरी संगणकावर करून, त्या ब्राउझरमध्ये पोहोचतात का, ते पाहावे. ही उलटसुलट चाचणी आवश्यक आहे, कारण वरून खाली येणारी वाट आणि खालून वर जाणारी वाट स्वतंत्रपणे बंद पडू शकतात. पुष्कळदा मूळ वहीतील सगळे फोनवर व्यवस्थित उतरत असते, म्हणून दुवा ठीक आहे असे वाटते. फोनवर केलेली नोंद मात्र वर कधीच जात नाही.

मेल येते, मग कॅलेंडर का येत नाही?

वकीलसाहेबांच्या कार्यालयात जे घडले ते इतके सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. त्यांच्या संगणकावर आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल आणि कॅलेंडरच्या प्रोग्रॅमची जुनी, पारंपरिक आवृत्ती होती आणि तिच्यात त्यांचे जीमेलचे खाते जोडलेले होते. मेल मिनिटभरात येत असे, फोनवरून पाठवलेले पत्र संगणकावरही दिसत असे, त्यामुळे खाते जोडलेले आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. पण मेल ज्या वाटेने येते ती वाट वेगळी आहे. आयमॅप आणि त्याहून जुनी पॉप ही दोन्ही फक्त पत्रांच्या दळणवळणाची पद्धती आहेत. त्यांच्यात कॅलेंडरला जागाच नाही. पोस्टमनने वेळेवर पत्रे आणून दिली म्हणून दूधही त्यानेच आणावे, अशी अपेक्षा आपण करत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ती नकळत करतो.

कॅलेंडरची वाट वेगळी आहे. नोंद कशी लिहावी याचे आयकॅलेंडर नावाचे प्रमाण १९९८ साली ठरले आणि २००९ साली सुधारले गेले. आयसीएस या शेपटीच्या ज्या फाइली आपल्याला बैठकीच्या निमंत्रणासोबत येतात, त्या याच प्रमाणाच्या. अशा नोंदींची सर्व्हरशी देवघेव करण्यासाठी कॅलडॅव्ह नावाची पद्धत २००७ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. गूगल आणि ॲपल दोघांचीही कॅलेंडरे ही पद्धत समजतात. मायक्रोसॉफ्टची एक्स्चेंज ही आपली वेगळी व्यवस्था आहे आणि तिच्यात मेल, कॅलेंडर, संपर्क असे सगळे एकाच वाटेने येते, त्यामुळे मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना ही अडचण सहसा भेटत नाही. पारंपरिक आउटलुकला कॅलडॅव्ह मुळातून येत नाही. त्यात जीमेलचे खाते जोडले की मेल आयमॅपने येते आणि कॅलेंडरसाठी आउटलुक संगणकावरच एक कोरी वही उघडून देते. तिच्या नावापुढे कंसात ‘फक्त हा संगणक’ अशा अर्थाचे शब्द इंग्रजीत लिहिलेले असतात. ज्युनियरने मोठ्या निगुतीने भरलेल्या सगळ्या तारखा त्या वहीत होत्या, आणि ती वही संगणकाच्या हार्ड डिस्कबाहेर कधीच पडणार नव्हती. फोनवर ज्या थोड्या जुन्या नोंदी दिसत होत्या, त्या साहेबांनी स्वतः फोनवर केलेल्या होत्या; त्यामुळेच सिंक ‘अर्धवट’ चालू असल्याचा भास होत होता.

याला उपाय तीन-चार आहेत आणि त्यांतला साधा उपायच मला बरा वाटतो. संगणकावर कॅलेंडरसाठी वेगळा प्रोग्रॅम न वापरता ब्राउझरमध्येच मूळ वही उघडी ठेवावी. मग संगणक आणि सर्व्हर यांच्यात जुळवून घेण्याजोगी प्रतच उरत नाही आणि बिघडण्याजोगी एक जागा कमी होते. स्वतंत्र प्रोग्रॅम हवाच असेल तर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये गूगलचे कॅलेंडर दोन्ही बाजूंनी चालते. विंडोजवरील नव्या आउटलुकमध्येही जीमेलच्या खात्याचे कॅलेंडर येते, परंतु त्यासाठी ते त्या खात्यातील मजकूर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही नेते, हे वकील, डॉक्टर किंवा सनदी लेखापाल यांनी होकाराचे बटण दाबण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

एक सावधगिरी जुन्या नोंदींच्या स्थलांतराबाबत. पारंपरिक आउटलुकमधून कॅलेंडर आयसीएस फाइल म्हणून जतन करता येते आणि ती फाइल गूगल कॅलेंडरमध्ये आयात करता येते. ही आयात फोनवरील ॲपमधून होत नाही. संगणकावर ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडून त्याच्या सेटिंगमध्ये जाऊनच करावी लागते. आयातीपूर्वी ‘जुन्या तारखा’ अशा नावाचे एक कोरे कॅलेंडर तयार करून फाइल त्यात ओतावी. काही चुकले तर तेवढे एक कॅलेंडर काढून टाकता येते. मुख्य कॅलेंडरमध्ये ओतलेल्या शेकडो नोंदी मात्र एकेक करून वेचाव्या लागतात.

बादली आणि नळजोडणी

आयात आणि सदस्यत्व या दोन शब्दांची गल्लत इथेच होते. फाइल आयात करणे म्हणजे शेजारच्या विहिरीवरून बादली भरून आणणे होय. आणली त्या क्षणी जे पाणी होते तेवढे आपल्या घरात आले. नंतर विहिरीत काय भर पडली याच्याशी बादलीचा संबंध नाही. कॅलेंडरच्या पत्त्याचे सदस्यत्व घेणे म्हणजे नळजोडणी. तिकडे बदल झाला की तो कालांतराने इकडे येतो. पण नळातून पाणी एकाच दिशेने वाहते. सदस्यत्वाने आलेल्या कॅलेंडरमध्ये आपल्याला काही लिहिता येत नाही, आणि ‘नोंद जतन होत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

शिवाय हा नळ चोवीस तास चालणारा नाही. पत्त्यावरून जोडलेल्या कॅलेंडरमधील बदल दिसायला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असे गूगल स्वतःच सांगते, आणि ही वेळ कमी करण्याचे बटण वापरणाऱ्याला दिलेले नाही. शाळेच्या वेळापत्रकासाठी किंवा सणांच्या यादीसाठी एवढा विलंब चालून जातो. दुपारी साडेतीनची बैठक दोन वाजता पुढे ढकलली गेली असेल तर मात्र चालत नाही. गूगल कॅलेंडरचा जो ‘गुप्त पत्ता’ देऊन पारंपरिक आउटलुकमध्ये नोंदी पाहता येतात, तीही अशीच एकेरी जोडणी आहे, आणि तो पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डशिवाय सगळ्या नोंदी वाचता येतात. तो व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

फोनच्या बाजूचा दोष

नोंद ब्राउझरमध्ये आहे आणि फोनवर नाही, असे ठरले तर पुढचा शोध फोनमध्ये. अँड्रॉइड फोनवर गूगल कॅलेंडरच्या ॲपमध्ये डावीकडील यादीत प्रत्येक कॅलेंडरपुढे एक चौकट असते. तिच्यातील खूण काढली असेल तर नोंदी फोनमध्ये असूनही झाकलेल्या राहतात. त्याच ॲपच्या सेटिंगमध्ये त्या कॅलेंडरच्या नावावर गेल्यास सिंकचे वेगळे बटण आहे. ते बंद असेल तर नोंदी फोनमध्ये येतच नाहीत. झाकलेले आणि न आलेले यांतला हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण नवीन जोडलेल्या किंवा कोणी आपल्याला वाटून दिलेल्या कॅलेंडरच्या बाबतीत हे दुसरे बटण अवश्य पाहावे. त्यावर फोनच्या मुख्य सेटिंगमध्ये खात्यांच्या विभागात त्या खात्याच्या सिंकची यादी असते आणि तिच्यात कॅलेंडरचे बटण मेलपासून स्वतंत्र असते. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये या विभागाचे नाव आणि जागा थोडी वेगळी असल्यामुळे सेटिंगच्या शोधचौकटीत ‘खाते’ किंवा ‘सिंक’ असे टाकणे हा सर्वांत जवळचा रस्ता.

बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्था हे आणखी एक कारण. फोनचा बॅटरी सेव्हर चालू असला, किंवा कॅलेंडरच्या ॲपला पार्श्वभूमीत चालण्याची मनाई असली, की ॲप उघडेपर्यंत नोंदी ताज्या होत नाहीत. ‘ॲप उघडून थोडे थांबले की सगळे येते, पण आठवण वाजत नाही’ असे कोणी सांगितले, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

आयफोनवर गूगलचे खाते जोडले असेल तर गोष्टी थोड्या निराळ्या आहेत. आयक्लाउड आणि एक्स्चेंज खात्यांतील बदल सर्व्हर स्वतः फोनकडे ढकलतो. गूगलच्या कॅलेंडरसाठी मात्र ॲपलच्या कॅलेंडर ॲपला ठरावीक अंतराने सर्व्हरकडे जाऊन विचारावे लागते. खात्यांच्या सेटिंगमध्ये हे अंतर पंधरा मिनिटे, अर्धा तास किंवा एक तास असे ठरवता येते. तिथे ‘आपोआप’ हा जो पर्याय आहे तो नावावरून सर्वांत चांगला वाटतो, पण त्याचा अर्थ फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच पार्श्वभूमीत विचारपूस करील, असा आहे. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या माणसाच्या फोनवर संध्याकाळपर्यंत जुन्याच नोंदी का दिसतात, याचे उत्तर पुष्कळदा या एका शब्दात दडलेले असते. दुसऱ्याने वाटून दिलेली गूगल कॅलेंडरे आयफोनवर आणायची तर गूगलच्या सिंक निवडीच्या पानावर जाऊन त्यांच्यापुढे खूण करावी लागते. फोनच्या सेटिंगमध्ये कितीही शोधले तरी हा पर्याय सापडत नाही. आणि फक्त जुन्या नोंदी गायब झाल्या असतील, तर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये किती मागपर्यंतच्या नोंदी ठेवायच्या याची मर्यादा एखाद्या महिन्यावर तर ठेवलेली नाही ना, ते पाहावे.

फोनवरून वर न जाणाऱ्या नोंदींचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, ते म्हणजे नवी नोंद कोणत्या कॅलेंडरमध्ये पडते ते कोणी पाहिलेले नसते. आयफोनमध्ये ‘डीफॉल्ट कॅलेंडर’ म्हणून आयक्लाउड निवडलेले असेल, तर गूगलचे खाते जोडलेले असूनही नव्या नोंदी आयक्लाउडमध्ये जातात. काही अँड्रॉइड फोनच्या कंपनीच्या स्वतःच्या कॅलेंडर ॲपमध्ये फक्त त्या फोनपुरते एक कॅलेंडर असते आणि त्यातील नोंद आउटलुकच्या ‘फक्त हा संगणक’ वहीची सख्खी बहीण असते. नोंद उघडली की तिच्या तपशिलात खात्याचे नाव किंवा ईमेलचा पत्ता दिसतो. त्या एका ओळीकडे पाहण्याची सवय लावली तर निम्मा तपास टळतो.

संगणकाच्या बाजूला

संगणकाकडील कारणे संख्येने कमी आहेत. विंडोजसोबत येणारा मेल आणि कॅलेंडर हा जुना प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला. ज्यांचा सगळा कारभार त्याच्यात होता त्यांच्या जुन्या नोंदी पडद्यावर राहिल्या तरी देवघेव थांबली. पासवर्ड बदलला की काही प्रोग्रॅम मुकाट्याने थांबतात आणि पुन्हा प्रवेश करेपर्यंत जुनीच प्रत दाखवत राहतात. द्विस्तरीय पडताळणी चालू असलेल्या आयक्लाउड खात्यासाठी इतर कंपन्यांच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड चालत नाही. ॲपलच्या संकेतस्थळावरून त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड तयार करून घ्यावा लागतो.

आणि एक कारण जुन्या डेस्कटॉपवर हमखास भेटते. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते आणि संगणकाच्या मते आजची तारीख त्या मुदतीत बसत नसेल, तर तो सर्व्हरशी बोलायलाच नकार देतो. पडद्यावर संदेश येतो तो ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशा अर्थाचा, आणि माणूस व्हायरस शोधत बसतो. ही बॅटरी बदलणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

नोंद आहे, पण वेळ चुकलेली

काही तक्रारी सिंकच्या नसून काळाच्या असतात. नोंदीत वेळेसोबत तिचा टाइमझोनही लिहिलेला असतो आणि प्रत्येक यंत्र ती वेळ आपल्या टाइमझोनमध्ये बदलून दाखवते. नव्याने विंडोज बसवलेल्या संगणकाचा टाइमझोन कधी कधी अमेरिकेतील पॅसिफिकच राहून जातो. तारीख-वेळ हाताने बरोबर केलेली असते, म्हणून कोपऱ्यातील घड्याळ निर्दोष दिसते, पण भारतातील सकाळी अकराची सुनावणी हिवाळ्यात तिथे आदल्या रात्री साडेनऊला दिसते. घड्याळासोबत टाइमझोनही ‘यूटीसी अधिक साडेपाच’ आहे ना, हे पाहिले की काम झाले.

पुण्यात आईवडील आणि न्यू जर्सीत मुलगा, अशा घरांत दरवर्षी मार्च आणि नोव्हेंबरमध्ये एक वेगळाच घोळ होतो. भारत घड्याळ हलवत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे नेते. दर रविवारी रात्री आठ वाजता बोलायची नोंद पुण्यात केली असेल, तर मुलाला ती हिवाळ्यात सकाळी साडेनऊला आणि उन्हाळ्यात साडेदहाला दिसेल. तीच नोंद मुलाने तिकडे सकाळी साडेनऊची म्हणून केली असेल, तर मार्चपासून आईवडिलांच्या फोनवर ती रात्री सातला सरकेल. दोन्ही यंत्रे बरोबर आहेत. नोंद कोणाच्या घड्याळाला बांधायची हे घरात ठरवायचे असते आणि नोंदीच्या तपशिलात टाइमझोन निवडून ते लिहायचे असते.

दिवसभराच्या नोंदींची गंमत याहून निराळी. आयकॅलेंडरच्या प्रमाणात वाढदिवसासारखी नोंद नुसती तारीख म्हणून लिहिता येते, तिला वेळ नसते. पारंपरिक आउटलुक मात्र तिला मध्यरात्र ते मध्यरात्र असा चोवीस तासांचा तुकडा समजते. टाइमझोन बदलला की तो तुकडा सरकतो आणि एकाच माणसाचा वाढदिवस दोन दिवसांवर पसरलेला दिसतो.

याच ओघात तिथीचा उल्लेख करावा लागेल, कारण ही तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणून कोणी ‘दरवर्षी’ अशी पुनरावृत्तीची नोंद केली. २०२५ साली चतुर्थी आली २७ ऑगस्टला आणि कॅलेंडर ७ सप्टेंबरवरच अडून राहिले. पुनरावृत्तीचे नियम आपल्या कॅलेंडर ॲपमध्ये इंग्रजी तारखा आणि वार यांच्यावरच चालतात. तिथी, क्षय, वृद्धी किंवा अधिक मास त्यांना ठाऊक नाही. श्राद्धतिथी आणि तिथीने येणारे वाढदिवस पंचांग पाहून दरवर्षी वेगळे नोंदवावे लागतात, किंवा अशा नोंदी आधीच केलेल्या एखाद्या कॅलेंडरचे सदस्यत्व घ्यावे लागते.

एकाच्या दोन नोंदी, आणि पुसण्याआधी

प्रत्येक नोंदीला आतून एक अनन्य ओळखक्रमांक असतो आणि त्याच्यावरून प्रत ताडली जाते. एकच गोष्ट दोन वाटांनी आली की तिला दोन ओळखी मिळू शकतात आणि नोंद दुहेरी दिसते. आधी फाइल आयात केली आणि नंतर त्याच कॅलेंडरचे सदस्यत्वही घेतले, किंवा एकाच फोनमध्ये दोन वेगळी सिंक ॲपे लावली, की हे हमखास घडते. अशा वेळी जादा नोंदी पुसायला बसण्यापूर्वी दुसरी वाट शोधून बंद करावी. नाहीतर पुसलेल्या नोंदी रात्रीतून परत येतात.

पुसण्याचेही सिंक होते, हे विसरू नये. फोनवर ‘फक्त फोनमधून काढतो’ असे म्हणून पुसलेली नोंद मूळ वहीतून जाते, तिथून संगणकावरून जाते, आणि नोंदीत इतर लोकांना निमंत्रण दिलेले असेल तर त्यांना बैठक रद्द झाल्याचा निरोपही जाऊ शकतो. गूगल कॅलेंडरमध्ये पुसलेल्या नोंदी सुमारे तीस दिवस कचरापेटीत राहतात आणि ब्राउझरमधून परत आणता येतात. आयक्लाउडच्या संकेतस्थळावरही कॅलेंडरची जुनी प्रत परत आणण्याची सोय आहे. तरीही मोठी साफसफाई करण्यापूर्वी मूळ वहीची आयसीएस फाइल उतरवून ठेवणे हा पाच मिनिटांचा विमा आहे.

‘खाते काढून पुन्हा जोडा’ हा सल्ला सगळेच देतात आणि तो पुष्कळदा लागू पडतो, याचेही कारण समजण्यासारखे आहे. प्रत्येक वेळी सगळी वही उतरवून घेणे परवडत नाही, म्हणून सर्व्हर प्रत्येक यंत्राला एक खूणचिठ्ठी देतो. पुढच्या वेळी यंत्र ती चिठ्ठी दाखवते आणि ‘यानंतर काय बदलले?’ एवढेच विचारते. चिठ्ठी फार जुनी झाली तर सर्व्हर ती नाकारतो आणि यंत्राने निमूटपणे पहिल्यापासून सगळे उतरवून घ्यावे, अशी रीत आहे. एखादे ॲप ही रीत नीट पाळत नाही आणि तिथेच अडकून बसते. खाते काढले की चिठ्ठी आणि प्रत दोन्ही जातात आणि नव्याने जोडल्यावर कोऱ्या पाटीपासून सुरुवात होते. अँड्रॉइडवर ‘कॅलेंडर स्टोरेज’चा डेटा, म्हणजे फोनमध्ये साठवलेली नोंदींची प्रत, पुसणे हाही त्याच जातीचा उपाय आहे. मात्र या उपायांत फक्त फोनपुरत्या असलेल्या नोंदी आणि अजून वर न पोहोचलेल्या नोंदी कायमच्या जाऊ शकतात. म्हणून हा उपाय सर्वांत शेवटी, आणि ब्राउझरमध्ये मूळ वही पूर्ण असल्याची खात्री करून मगच करावा.

वकीलसाहेबांच्या कार्यालयात त्याची गरज पडली नाही. आउटलुकमधील तारखांची फाइल काढून ती गूगलवरील वेगळ्या कॅलेंडरमध्ये आयात केली, तेव्हा चहा निवायच्या आत फोनवर पुढच्या महिन्याचा पडदा ठिपक्यांनी भरून गेला. संगणक सुरू होताच ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडेल अशी सोय केली, आणि आउटलुकमधील त्या जुन्या वहीपुढची खूण काढून ती नजरेआड केली. नंतर पंधरा दिवसांनी ज्युनियरने सवयीने पुन्हा आउटलुक उघडून तीन तारखा त्यातच लिहिल्या. या वेळी तिला ते संध्याकाळी स्वतःच कळले, कारण नोंद झाल्यावर ती फोनवरही पाहायची असे आता ठरले होते.